गोदाआत्याच्या चपलांना ऊन

गोदाआत्या घरातसुद्धा चपला घालून वावरते, ही बातमी नाचणे रोडवरच्या त्या अख्ख्या वाडीला तोंडपाठ होती. आणि साध्या रबरी स्लीपर नव्हेत हो! सकाळच्या चहाला जरीच्या मोजड्या, दुपारी टीव्हीसमोर निळ्या मखमलीच्या, आणि संध्याकाळी गॅलरीत उभी राहिली की चंदेरी पट्ट्यांच्या. वय सत्तरीपार, डोळ्यांत मोतीबिंदू, केस पांढरेशुभ्र, आणि पायात मात्र जुन्या मासिकाच्या मुखपृष्ठावरचा थाट. देवघराच्या दारापर्यंत यायची, तिथूनच हात जोडायची आणि मागे फिरायची. देवळात गेलेली तर तिला कुणी पाहिलीच नव्हती. सख्ख्या भावाच्या, आप्पांच्या लग्नात म्हणे ती मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसली होती. लाल चपला घालून.

"मुंबईचा ताठा, दुसरं काय!" यमुनाबाई म्हणायच्या. यमुनाबाई म्हणजे आप्पांची बायको, गोदाआत्याची भावजय. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, पण नणंद-भावजयीची जुगलबंदी काही थांबली नव्हती. "वन्सं, देवाला तरी कधी पाय दाखवा तुमचे," असं त्या म्हटल्या की गोदाआत्या नुसती भुवई उडवायची आणि टाच वाजवत आपल्या खोलीत जायची.

तशी बाई होतीही मोठी. देवरूखजवळच्या खेड्यातून गिरगावात गेली, शिवणयंत्रावर बसली आणि बघता बघता फॅशन डिझायनर झाली. पायघोळ झगे आणि जमिनीवर लोळणारे घागरे ही तिची खासियत. नट्या तिच्या दाराशी ताटकळायच्या. गेल्या वर्षी धंदा आवरून ती माहेरी राहायला आली, तेव्हा टेम्पोतून एक सागवानी कपाट उतरलं. आत तिच्या आयुष्यभराच्या चपला, सँडल, बूट. सगळ्या तिनं स्वतः कागदावर काढून करवून घेतलेल्या. कपाटाला कुलूप, आणि किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत, मंगळसूत्रासारखी.

ते कपाट उघडं बघायला मिळावं म्हणून सगळ्यांत जास्त जीव कुणाचा तुटत असेल, तर आरोहीचा.

आरोही म्हणजे आप्पांची नात. आत्या खरी तिच्या बाबांची, पण घरात सगळेच आत्या म्हणत, म्हणून तीही म्हणायची. हातात कला होती पोरीच्या. आजीच्या जुन्या लुगड्यांतून तिनं जॅकेटं, झगे, कुडते असे काही शिवले होते की गोदाआत्यानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं होतं. तिच्या तोंडून "बरं आहे" एवढं निघालं, म्हणजे दुसऱ्या कुणी गळ्यात हार घातल्यासारखंच! आणि आता बचत गटांच्या महोत्सवात, शहरातल्या नाट्यगृहात, आरोहीच्या कपड्यांचा फॅशन शो होणार होता. कपडे घालून चालणार कोण? तर गटातल्या बायका. त्यात मिरकरवाडा बंदरावर मासळी विकणाऱ्या धोंडूबाई पुढे. त्यांचा आवाज लिलावात पार धक्क्याच्या टोकाला पोचायचा.

सगळं छान होतं. फक्त शेवटी जिनं कपडे केले तिनं रंगमंचावर चालत यायचं असतं, आणि तिथंच घोडं अडलं होतं.

हातखंब्याच्या वळणावर स्कूटर घसरली तेव्हापासून आरोहीचा डावा पाय आखूड होता. हाड जुळलं, पण दोन बोटं कमी जुळलं. डॉक्टरांनी जाड तळव्याचा काळा बूट दिला होता. तो तिनं पलंगाखाली लोटून दिला. तो घातला की लोक तोंडाकडे बघतच नाहीत, बुटाकडे बघतात, असं तिचं म्हणणं. तरी तेवढ्यावर भागलं असतं. पण मागच्या दिवाळीनंतर देवरूखचं स्थळ आलं. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाची आई साखर पेरत म्हणाली, "बाळ, जरा दारापर्यंत चालून दाखव बघू." आरोही उठली, दारापर्यंत गेली. मागे वळली तेव्हा सगळ्यांच्या नजरा फरशीवर. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कसली डोंबलाची! तेव्हापासून पाहुणे आले की आरोही बसलेलीच असायची, आणि रस्त्यावर भिंतीच्या कडेकडेनं चालायची.

"शेवटी माझ्याऐवजी दर्शना जाईल," तिनं जाहीर करून टाकलं. दर्शना तिची मैत्रीण, शिडशिडीत आणि सरळ चालीची.

"दर्शनानं शिवलेत का कपडे?" गोदाआत्यानं विचारलं.

"नाही, पण..."

"मग तिचं नाव लाव खाली. जी चालेल तिचे कपडे." एवढं बोलून टाच वाजवत ती निघून गेली. आरोही त्या दिवशी उशीत तोंड खुपसून रडली. हिला काय कळतंय? हिची चाल कशी राणीसारखी आहे, असं तिला वाटलं, आणि आत्याचा मनापासून राग आला.

त्याच आठवड्यात गोदाआत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात सांगितलं, अंगावर दागिना नको. तिनं गळ्यातली साखळी काढली, क्षणभर मुठीत धरली आणि यमुनाबाईंच्या हातावर ठेवली. "वहिनी, सांभाळा हो." आरोहीचा बाबा, अनिल, तिला गाडीतून घेऊन गेला.

आता मे महिना सरत आलेला. मिरग तोंडावर. कोकणातल्या बाईला या दिवसांत उन्हाचा एक कवडसा फुकट गेलेला सोसत नाही. घरापुढच्या खळ्यात आमसुलं वाळत होती, फणसाचे पापड वाळत होते, मिरच्या, गोधड्या, उश्या, अगदी देवघरातली जुनी पोथीसुद्धा ऊन खात पडली होती. यमुनाबाईंनी साखळीकडे बघितलं. मग कपाटाकडे बघितलं. बंद कपाट, चामडं, आणि वर चार महिने पाऊस येणार! बुरशी धरल्याशिवाय राहील का? बिचाऱ्या वन्सं ऑपरेशन करून येतील, नव्या डोळ्यांनी बघतील, तर चपला कशा लख्ख दिसायला हव्यात.

मनात काडीचं पाप नव्हतं हो त्यांच्या. त्यांनी कपाट उघडलं, एकेक जोड पदरानं पुसला आणि सगळं वैभव खळ्यातल्या चटईवर, आमसुलांच्या शेजारी मांडलं.

आरोही मागच्या खोलीत काजं करत होती. दुपारी ती पाणी प्यायला बाहेर आली आणि तांब्या हातातच राहिला. काय नव्हतं तिथं! बाटलीच्या हिरव्या रंगाचे जाड तळव्यांचे बूट, बेलबॉटमच्या जमान्यातले. पैठणीच्या काठांच्या मोजड्या. मोतिया रंगाच्या सॅटिनच्या चपला, वर एवढुसा गुलाब. आणि मधोमध ती लाल जोडी, आप्पांच्या लग्नातली. पण हे बघून सुखावायला तिला वेळ मिळाला नाही. हिरव्या बुटाचा तळवा सुटून जीभ बाहेर काढल्यासारखा लोंबत होता. सॅटिनच्या चपलेची टाच आडवी झाली होती. पन्नास वर्षांचा सरस त्या उन्हात पाघळला होता आणि एकेक जोड सावकाश उकलत चालला होता.

"आज्ये! काय केलंस गो हे!"

यमुनाबाई धावत आल्या, बघितलं आणि मटकन पायरीवरच बसल्या. "मेले मी! आता वन्सं मला जिवंत सोडायच्या नाहीत!"

आरोही चटईवर बसून सुटलेले तुकडे गोळा करू लागली. जिथला तळवा तिथं ठेवत होती. हिरवा डावा बूट तिनं उचलला, आणि आतून एक तुकडा तिच्या मांडीवर पडला. बूच. बाटलीला असतं तसलं, पण टाचेच्या आकाराचं कापलेलं, मागे जाड आणि पुढे पातळ होत गेलेलं. उजव्या बुटात तिनं बोट घालून बघितलं. काही नव्हतं. मग मोजड्या बघितल्या. डावीत बूच, उजवी रिकामी. सॅटिनची, चंदेरी, निळी... ती एकेक उचलत गेली आणि प्रत्येक डाव्या चपलेच्या पोटात तिला तोच तुकडा सापडत गेला. वरून दोन्ही सारख्याच. आत लपवलेली दोन बोटं.

लाल जोडी तेवढी शाबूत होती, कारण ती सगळी हातानं शिवलेली होती, सरसाचं नाव नव्हतं. तिनं हळूच त्यात पाय घातले आणि उभी राहिली. फाटकापर्यंत गेली. परत आली. यमुनाबाई रडायचं विसरून बघत राहिल्या.

"आरू... तू सरळ चालतेस गो!"

तेवढ्यात फाटक वाजलं. डोळ्यावर काळा गॉगल, अनिलचा हात धरून गोदाआत्या फाटकात उभी होती. गॉगलमधून तिला किती दिसत होतं कोण जाणे, पण जे बघायला नको होतं ते सगळं दिसलं. चटईवर पोट फाटलेल्या चपला, बुचांचा ढीग, आणि नातीच्या पायात तिची लाल जोडी. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्या दिवशी वाडीनं ऐकलं.

"कुणी उघडलं कपाट? कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझं सगळं उघड्यावर... सगळं!" आणि तिचा आवाज मध्येच फुटला. आवाज फुटलेली गोदाआत्या कुणी कधी पाहिली नव्हती.

अनिलचा हात सोडून ती पायरीवर, यमुनाबाईंच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "जन्माचाच आहे. डावा. मलाही सांगायचे, चालून दाखव. ओटीवरून मागच्या परड्यापर्यंत. एक स्थळ गेलं की दुसरं, आणि दर वेळी वडिलांची मान थोडी खाली. शेवटी आप्पा मला मुंबईला घेऊन गेला. कुलाब्याला एक चिनी बूटवाला होता. त्यानं पायाखाली बूच घातलं, वरून लाल कातडं चढवलं. आरशात बघितलं तर मी सरळ उभी! त्या दिवसापासून कुणादेखत पाय जमिनीला लावला नाही. देवादेखतसुद्धा नाही."

"आप्पांनी मला कधी सांगितलं नाही ते," यमुनाबाई पुटपुटल्या.

"मी शपथ घातली होती त्याला."

"आणि मी आयुष्यभर तुम्हाला ताठा ताठा म्हणत बसले!" यमुनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"बरं होतं ते, वहिनी. ताठा म्हटलेलं परवडतं. लंगडी म्हटलेलं नाही परवडत."

मग ती आरोहीकडे वळली. "घाल ती लाल. शोच्या दिवशी घाल आणि जा रंगमंचावर. कुणाला पत्ता लागणार नाही. माझा लागला नाही कुणाला, तुझा कशाला लागेल?"

आरोहीला आनंद झाला, खोटं कशाला बोला! रोज ती लाल जोडी घालून आरशासमोर चालायची. कंबर हलत नव्हती, खांदा पडत नव्हता. तिनं दर्शनाला सांगून टाकलं, तू नको, मीच जाते. घरात सण असल्यासारखं झालं.

शोच्या संध्याकाळी नाट्यगृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत यमुनाबाई, शेजारी काळा गॉगल लावून गोदाआत्या, पायात चंदेरी पट्ट्यांच्या चपला, पुन्हा शिवून घेतलेल्या. रंगमंचावर पूजा झाली, नारळ फुटला. आत विंगेत सगळ्या बायका नटूनथटून तयार, आणि तेवढ्यात धोंडूबाईंनी नवीकोरी सँडल काढून रंगमंचाच्या बाजूच्या पायऱ्यांशी ठेवली.

"अहो धोंडूबाई, काय करता? घाला ती, आता जायचंय," दर्शना घाबरून म्हणाली.

"चपला घालून रंगमंचावर?" धोंडूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं देव्हाऱ्यात मासळी ठेवायला सांगितली. "आमच्या गावच्या नमनाच्या खेळात कुणी चढत नाय तसा. आताच नारळ फोडलाय ना गो? मग?" आणि खाली वाकून त्यांनी रंगमंचाला हात लावून कपाळाला लावला. झालं! एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. बघता बघता पायऱ्यांशी सँडलींचा ढीग पडला. सराव शाळेच्या वर्गात झाला होता, तेव्हा हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

आरोही त्या ढिगाशेजारी उभी होती. पायात लाल जोडी.

बाहेर टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या. आरोहीच्या आजीच्या लुगड्याचा झगा घालून धोंडूबाई अनवाणी अशा चालल्या, जशा भरल्या पाटीनं बंदरावरून चालतात, कमरेवर हात, मान ताठ, आणि टोकाला जाऊन त्यांनी एक गिरकी घेतली तेव्हा मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. एकेक बाई जात होती, येत होती. आता तिचीच पाळी होती.

घातल्या तर काय होईल? कुणी काही म्हणणार नाही. डिझायनर आहे, शहरी फॅशन आहे, म्हणतील. थोडा ताठा आहे, म्हणतील. आणि तिथंच आरोहीच्या काळजात चर्र झालं. ताठा! आज या जोडीत गेलं की उद्याही जावं लागेल. परवाही. देवळाबाहेर थांबावं लागेल. भावाच्या लग्नात मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसावं लागेल. गळ्यात किल्ली बांधावी लागेल. किती सुंदर चपला होत्या त्या! आणि त्यांच्यासोबत किती वर्षं एक अख्खी बाई कपाटात कोंडलेली होती.

निवेदकानं तिचं नाव घेतलं.

आरोहीनं लाल चपला काढल्या. ढिगात, धोंडूबाईंच्या सँडलीशेजारी नीट लावून ठेवल्या. रंगमंचाला हात लावून कपाळाला लावला आणि ती उजेडात आली.

पहिल्याच पावलाला खांदा पडला. दुसऱ्याला कंबर हलली. टाळ्या मध्येच थबकल्या. तेवढ्या गर्दीत तिला आपल्या पायांचा आवाज ऐकू आला, एक भरीव, एक हलका. पण ती थांबली नाही. भिंतीकडे वळली नाही. मधोमध चालत ती पार कडेपर्यंत आली, कमरेवर हात ठेवला आणि मान वर करून समोर बघितलं. बघा, काय बघायचंय ते! हे कपडे माझे आहेत आणि ही चाल माझी आहे!

"शाब्बास गो माझ्या वाघिणी!" विंगेतून लिलावाचा आवाज फुटला, आणि मग नाट्यगृह जे उसळलं, ते छत खाली येतंय की काय असं वाटलं. लोक उभे राहिले. यमुनाबाई डोळे पुसत होत्या आणि टाळ्याही वाजवत होत्या, दोन्ही एकदम काही जमेना.

आणि त्या गलक्यात गोदाआत्या उठली.

ती रंगमंचाच्या बाजूच्या पायऱ्यांपर्यंत आली, मागोमाग यमुनाबाई. तिथं थांबली. वर नात उभी होती, अनवाणी. खाली चपलांचा ढीग होता, आणि त्यात तिची लाल जोडी. तिनं यमुनाबाईंच्या खांद्याचा आधार घेतला. वाकून एक पट्टा सोडला. मग दुसरा. पन्नासहून जास्त वर्षांनी तिचा डावा पाय लोकांदेखत जमिनीला लागला, म्हणजे नुसता चवडाच लागला, टाच अधांतरी राहिली. यमुनाबाईंनी खांदा अजून घट्ट केला. "जा हो वन्सं," त्या म्हणाल्या, "आप्पा बघतायत."

आरोही पुढे आली आणि तिनं हात दिला. गोदाआत्या तो घट्ट धरून वर चढली.

"आत्या, भीती वाटतेय?"

"मरणाची," गोदाआत्या म्हणाली. "चल, चालून दाखवू या."

दोघी निघाल्या. दोघींचा डावाच पाय, त्यामुळे दोघींचे खांदे एकदम पडत आणि एकदम वर येत. कुणी शिकवून बसवलेली चाल असावी इतकी ती एका तालात होती. पांढरे केस, काळा गॉगल, आणि गॉगलखालून वाहणारं पाणी पुसायलाही न थांबलेली ती बाई टोकाला पोचली, आणि तिनं गिरकी घेतली. थोडी डगमगली. आरोहीनं सावरलं. आणि मग गोदाआत्या हसली, असं मोठ्यानं, तोंड उघडून, की तिला ओळखणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

घरी परत येईपर्यंत बराच उशीर झाला होता. फाटकापाशी अनिलनं चपला काढल्या, यमुनाबाईंनी काढल्या, आरोहीनं लाल जोडी काढली. गोदाआत्यानं चंदेरी जोडी काढून त्यांच्या शेजारी ठेवली.

"लाल तुझी," ती आरोहीला म्हणाली. "बाकीच्याही तुझ्याच. शिवून घे. लांब चालायचं असेल, कंबर दुखायला लागली, की घाल. लपवायला घालायची नाही. कळलं?"

आरोहीनं मान हलवली. यमुनाबाईंनी पायरीवर बादली आणून ठेवली. सगळ्यांनी पाय धुतले. गोदाआत्या ओल्या पायांनीच उंबरठा ओलांडून आत गेली आणि न थांबता थेट देवघरात जाऊन उभी राहिली. मागोमाग आरोही गेली.

फरशीवर दोघींची ओली पावलं उमटली होती. उजवी पूर्ण, डावी नुसत्या चवड्याची. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत, गौरीच्या दिवशी काढतात तशी. अनिल फडकं घेऊन वाकला.

"थांब रे," यमुनाबाई म्हणाल्या. "नको पुसूस. आज पहिल्यांदा घरी आल्यात त्या."

आणि फडकं त्याच्या हातातून काढून घेऊन त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, ती पावलं आपोआप सुकेपर्यंत.